आत्याची झोप

डॉक्टरीणबाईंच्या पत्राला मी एक्केचाळीस दिवस उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. मी ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून ठेवलं होतं, आणि तो खंड हातात घ्यावा लागू नये म्हणून मधल्या काळात दोन-तीन शब्दांचे अर्थ अडले तरी तसेच सोडून दिले.

पत्र एवढंसं होतं. 'काका, माकडांचं नवं घर तयार झालं आहे. तिथल्या बसायच्या फळ्या बऱ्याच उंच आहेत. समितीचं म्हणणं असं, की आत्याला दिसत नाही, ती पडेल, म्हणून तिला खाली वेगळी खोली द्यावी. एकटीला. कळपातून काढल्याने काही बिघडणार नाही का, असं मी विचारलं, तर त्यांनी मला तुमचाच अहवाल दाखवला. पान बावीस. "ही मादी रात्रभर झोपते, दिवसाही बराच वेळ झोपते, कळपाच्या व्यवहारात तिचा विशेष भाग नाही." मला तसं वाटत नाही, पण माझ्याजवळ कागद नाही. तिला तुमच्याइतकं कुणीच पाहिलेलं नाही. तुम्हाला आजही तसंच वाटतं का, ते सहीनिशी कळवाल? तोंडी नको, समितीला लेखी लागतं. बैठक पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे.'

आत्या ही एक म्हातारी माकडीण. तिला स्वतःचं पिल्लू नव्हतं आणि दुसऱ्यांची पिल्लं तिच्या अंगाखांद्यावर लोळायची, म्हणून कुणीतरी आत्या म्हणालं आणि तेच नाव राहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जवळ गेलं की बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखी दिसायची.

ही माकडं ज्या संशोधन संस्थेत होती तिथे मी ग्रंथपाल होतो, आणि डॉक्टरीणबाई तिथल्या माकडांच्या डॉक्टर. फारसं बोलावं लागू नये अशी नोकरी मी शोधली होती आणि ती मला मिळाली. निवृत्त झालो त्याच वर्षी थोरल्या साहेबांनी बोलावून घेतलं. माकडांच्या झोपेचा अभ्यास त्यांना करायचा होता. दुसरीकडे असा अभ्यास करताना जनावराच्या कवटीत तारा बसवतात. साहेबांना ते पसंत नव्हतं. ते म्हणाले, "झोपेचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी बिचाऱ्यांची झोप उडवायची, हे कसलं शास्त्र? आपण नुसतं बघू. पण बघायला असा माणूस हवा जो कंटाळत नाही आणि मध्ये बोलत नाही." असा माणूस त्यांना शोधावा लागला नाही.

माकडांच्या खोलीत दारावरच्या छताच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला. त्याच्या भिंगाला लागूनच एक दिवा होता, त्याचा उजेड माकडांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा असं सगळं रेकॉर्ड व्हायचं, आणि मी दिवसा, वाचनालयामागच्या छोट्या खोलीत, पडदा लावून ती रात्र बघायचो. माकडं अकरा होती. एका वेळी एकाच माकडावर लक्ष ठेवता येतं, म्हणून एकच रात्र मी अकरा वेळा बघायचो. दर अर्ध्या मिनिटाला कागदावर एक खूण: जागं, की झोपलेलं. बारा तास बसवेना, म्हणून यंत्र तिप्पट वेगाने चालवायचो. आठवड्याला एक रात्र पुरी व्हायची. अशी तीन वर्षं.

झोप ओळखायची कशी, याचा नियम मी लिहिला. साहेबांनी तो मला लिहायला सांगितला तेव्हा मला दोन रात्री आनंदाने झोप लागली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक दिले होते. आता एक वाक्य माझं स्वतःचं होणार होतं. माकडाने कॅमेऱ्याच्या बाजूला डोळे उघडले, की त्या न दिसणाऱ्या उजेडात दोन पांढरे ठिपके चमकत. म्हणून नियम असा: अर्ध्या मिनिटात ठिपके दिसले किंवा अंग हललं, तर जागं. ठिपके नाहीत आणि हालचालही नाही, तर झोपलेलं. सोपा, स्वच्छ नियम. साहेब वाचून म्हणाले, "याच्यात बोट ठेवायला जागा नाही."

त्या खोलीत मी जे पाहिलं ते अहवालात कुठेही नाही. अंधार पडला की ती अकराच्या अकरा एका फळीवर येऊन एकमेकांना इतकी चिकटून बसत, की कोणता हात कुणाचा ते सांगता येऊ नये. मग तो सगळा ढीग मिळून श्वास घ्यायला लागे. पहिल्यांदा मला तो माझा भास वाटला, मला बहुतेक गोष्टी भासच वाटतात. पण खरंच, एकाची पाठ वर आली की शेजारची वर यायची. मध्येच टोकाचं एखादं कूस बदलायचं आणि ते कूस बदलणं एकाकडून दुसऱ्याकडे जात फळीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं, जसं ज्वारीच्या शेतातून वारं जातं. कुणीही जागं व्हायचं नाही. पिल्लांचे ओठ दूध पीत असल्यासारखे हलायचे, बोटं कसलीशी फांदी धरायची आणि सोडायची. ही पिल्लं याच खोलीत जन्मलेली. फांदी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. ते पाहून एकदा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. खोलीत कुणी आलं नव्हतं.

आत्या ढिगाच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या अंगाला बसायची. मान खाली. ठिपके नाहीत, हालचाल नाही. झोपलेली, झोपलेली, झोपलेली. तिचा कागद भरायला सगळ्यांत सोपा. खरं सांगायचं तर तिची पाळी आली की मी चहा पीत पीत खुणा करायचो.

अभ्यास संपायला महिना राहिला असताना यंत्राचं वेगाचं बटण अडकलं आणि एक दुपार मला रात्र तिच्या खऱ्या वेगाने बघावी लागली. पाळी आत्याची होती. तिचा डावा कान हलला. वाऱ्याने हलतो तसा नाही. तो दाराकडे वळला, थांबला, आणि सावकाश परत आला. मी कागदावर पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या दिवशी बटण दुरुस्त झालं, आणि मी ते प्रश्नचिन्ह खोडून टाकलं. झोपेत कान हलत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. नियमात कानांबद्दल काही नव्हतं.

पत्राला उत्तर का दिलं नाही, ते आता कळलं असेल.

माझ्याबरोबर माझी थोरली बहीण राहते. मेहुणे गेल्यापासून ती इथेच आहे. तिला शब्दकोडी सोडवायचा नाद. एकोणचाळिसाव्या दिवशी तिने तिसरा खंड काढला.

"हे काय रे?"

"खूण ठेवलीय."

"संस्थेचा शिक्का मारलेली?" तिने चष्मा सरळ केला आणि वाचायला सुरुवात केली. वाचू का, असं विचारण्याची पद्धत आमच्या ताईकडे नाही. "ही आत्या कोण? आपली तर कधीच गेली."

"माकडीण आहे."

"बरं. म्हणजे तिला एकटीला कोंडणार, आणि तू इथे खुणा ठेवत बसलायस."

"ताई, ते इतकं सोपं नाही."

"तुझं काय सोपं असतं? मुलगी बघून आलास तेव्हा 'विचार करून कळवतो' म्हणालास. ती आज आजी झाली."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे? पणजी झाली. मागच्या महिन्यात."

मग, का कोण जाणे, तिला कानाचं सांगितलं. चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती, पेन्सिल हातात तशीच.

"म्हणजे ती जागी होती?"

"बहुतेक."

"आणि तू लिहिलंस, झोपली होती."

"नियमाप्रमाणे झोपलेलीच होती. ठिपके दिसत नव्हते ना."

"ज्या बाईला मोतीबिंदू आहे तिचे डोळे चमकतील कसे? माझं ऑपरेशन व्हायच्या आधी डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून म्हणाला होता, आजी, आत काहीच दिसत नाही, पडदा टाकलाय तुम्ही."

आत्या आंधळी आहे हे मला माहीत होतं. ठिपके डोळ्याच्या आतून परत आलेल्या उजेडाचे असतात हेही माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत होत्या, आणि त्या एकत्र ठेवायला शब्दकोडं सोडवणारी बाई लागली. आत्याचे डोळे उघडे असोत की मिटलेले, माझ्या नियमाने ती जन्मभर झोपलेलीच ठरली असती.

"तरी खात्री नाही," मी म्हणालो. "एकदाच पाहिला कान. बघावं लागेल."

"मग बघ की. आज तारीख काय? उठ. चप्पल घाल."

संस्थेत मी वर्षभरात गेलो नव्हतो. माकडांच्या घराशी दादा भेटला. तीस वर्षं त्यांचं खाणंपिणं, साफसफाई तोच बघतो.

"या काका! वाट चुकलात का?"

"आत्याला बघायला आलो होतो."

"आता? आता झोपलीय ती. रात्रपाळीवाली माणसं दिवसाच झोपायची."

"रात्रपाळी?"

"मग काय? सकाळी मी येतो, बाहेरच्या दाराला किल्ली लावायच्या आधी हिची मान माझ्याकडे. बाकीचा ढीग घोरत पडलेला. मी रोज म्हणतो, चला आत्याबाई, सुटली तुमची ड्यूटी. की ही लागलीच आडवी."

"हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस, दादा."

"तुम्ही विचारलं कधी?" तो बादली खाली ठेवत म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुमच्याकडे कॅमेरा होता. म्हटलं, साहेब लोकांना माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल."

जाळीतून मी बघितलं. आत्या कोपऱ्यात कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं. एक लहानगं तिच्या पाठीवर उड्या मारत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. इतकी गाढ झोप मी त्या तीन वर्षांत तिच्या नावावर कधी पाहिली नव्हती, आणि कागदावर मात्र पानंच्या पानं लिहिली होती.

रेकॉर्डिंग अजून जुन्या कपाटात होतं. डॉक्टरीणबाई दौऱ्यावर होत्या, बैठकीच्याच दिवशी परतणार होत्या. किल्ली दादाने दिली. मी अभ्यासाच्या मधल्या वर्षातली एक साधी रात्र काढली, जिच्यावर माझ्याच अक्षरात 'विशेष काही नाही' असं होतं, आणि यंत्र खऱ्या वेगाने लावलं. ती एक रात्र बघायला मला दोन दिवस लागले.

पहिला तासभर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, सवयीने. मग चेहरा सोडून दिला आणि फक्त कान पाहिले.

ते थांबतच नव्हते. डावा दाराकडे, उजवा खिडकीकडे. दोन्ही पुढे. एक मागे, शेजारच्या पिल्लाकडे, आणि परत. तिप्पट वेगात हीच गोष्ट पडद्यावरची थरथर वाटली असती. मला तीन वर्षं तशीच वाटली होती. रेकॉर्डिंगला आवाज नव्हता. त्या रात्री बाहेर काय वाजलं, नळ गळला की पाखरू फडफडलं की रस्त्यावरून गाडी गेली, ते कुठेच नोंदलेलं नाही. फक्त तिच्या कानांवरून कळत होतं की काहीतरी वाजलं, कुठे वाजलं, आणि ते किती वेळ वाजत राहिलं. आवाज मी डोळ्यांनी ऐकत होतो, तेही एका आंधळ्या जनावराच्या मदतीने, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचे.

मध्यरात्र उलटल्यावर एकदा दोन्ही कान दारावर रोखले गेले आणि तसेच राहिले. तिची पाठ ताठ झाली. एवढंच. तिने आवाज केला नसावा. तोंड मिटलेलं होतं. पण तिला टेकून बसलेल्या मादीचे दोन ठिपके उमटले. मग तिच्या पलीकडच्याचे. मग पुढचे. एकेक करत फळीच्या टोकापर्यंत, दिवेलागणीला घराघरांतून दिवे लागत जावेत तसे, वीस ठिपके. सगळे दाराकडे बघत होते. जिला एकही ठिपका नव्हता ती सर्वांत पुढे, कान रोखून. किती वेळ गेला मला माहीत नाही. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यातच होतं पण मी पाहिलं नाही. मग तिचा डावा कान सैल पडला. पाठ वाकली. आणि ते दिवे, ज्या क्रमाने लागले होते त्याच क्रमाने, मालवत गेले. शेवटचा मालवल्यावरही तिचा कान एकदा दाराकडे जाऊन आला.

मी यंत्र थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. बाहेर दुपार होती, कुणीतरी शिट्टी वाजवत जात होतं. मला एकसारखं वाटत होतं की मी मोठ्याने काहीतरी बोलायला हवं, पण काय ते सुचेना. तीन वर्षं ती माझ्यासमोर जागी होती, आणि मी तिच्यापुढे बसून चहा प्यालो होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली रात्र संपवली आणि जुने कागद काढले. दुसऱ्या वर्षी आत्याला दाताच्या उपचारासाठी चार रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. त्या चारांपैकी दोन रात्री मी तपासल्या होत्या. दहाही माकडांच्या कागदांवर 'जागं'च्या खुणा नेहमीच्या दुपटीहून जास्त. पिल्लांच्याही. तळाशी माझी टीप: 'दुरुस्तीच्या आवाजाने व्यत्यय आला असावा.' कसली दुरुस्ती? मला आठवेना. दादाला विचारलं, त्यालाही आठवेना. "तेव्हा कुठली आली दुरुस्ती?" तो म्हणाला. मला कारण हवं होतं आणि मी ते तयार केलं होतं, आणि 'असावा' लिहून वर प्रामाणिकही ठरलो होतो.

घरी येऊन उत्तर लिहिलं. चार पानं झाली. ताईने ती जेवणाच्या टेबलावर हात लांब धरून वाचली.

"हे कोणासाठी लिहिलंयस?"

"समितीसाठी."

"त्यांना झोप येईल. मग तुझ्या नियमाने त्यांचीही नोंद कर." तिने दुसरं पान उलटलं. "'कदाचित', 'एका परीने', 'असे म्हणता येईल काय'... अरे, ती जागी असते की नाही?"

"असते."

"तुझा नियम चुकला की नाही?"

हे मात्र मला पटकन म्हणता येईना. अहवालावर साहेबांचंही नाव होतं, आणि साहेब आता या जगात नव्हते. शिवाय, कॅमेरा फसतो असं मीच लिहून दिलं, तर ज्यांना कवटीत तारा बसवायच्या आहेत त्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल, ही भीती होतीच. ती खरी भीती होती. पण आदल्या दिवशी मी बघितलं होतं त्यात कॅमेऱ्याचं काय चुकलं होतं? कान त्याने टिपले होते, एकही न सोडता. बघणारा घाईत होता.

"चुकला," मी म्हणालो.

"मग तेवढं लिही. आणि फळी उंच आहे तर फळी खाली घ्या म्हणावं. सुतार मिळत नाही का त्यांना? म्हातारीला कशाला हलवतात?"

ही गोष्टही मला सुचलेली नव्हती.

नवं पत्र एका पानाचं झालं. 'झोप ओळखण्याचा नियम मी लिहिला होता आणि आत्याच्या बाबतीत तो चुकीचा आहे. मोतीबिंदूमुळे तिचे डोळे कॅमेऱ्यात चमकत नाहीत, म्हणून मी तिला तीन वर्षं झोपलेली धरलं. पान बावीसवरील विधान मी मागे घेतो. जी रात्र मी पुन्हा नीट तपासली त्या रात्री ती पहाटेपर्यंत जागी होती आणि बाकीची दहा तिच्या भरवशावर झोपली होती. आत्या नव्हती तेव्हा ती दहा झोपू शकली नाहीत. त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्या नोंदींखालची टीप माझी असून ती निराधार आहे. आत्याला वेगळं ठेवू नये. फळ्या खाली घ्याव्यात.' खाली सही, आणि पूर्वी अहवालात जिथे माझं पद लिहिलं होतं तिथे काहीच नाही.

डॉक्टरीणबाई नव्हत्या, म्हणून पाकिटावर समितीचाच पत्ता घातला, आणि समितीचं कार्यालय दुसऱ्या गावाला होतं. सकाळी टपाल कार्यालयात माझ्यापुढे दोनच माणसं होती. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवायला हात पुढे केला.

"रजिस्टर करायचंय ना? कधीपर्यंत हवंय?"

"वीस तारखेच्या आत. पोचेल ना?"

"परवा पोचेल."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे, बैठकीच्या आधी वाचलंही जायला हवं. वर 'तातडीचे' असं लिहिलंय मी, ते ठळक दिसतंय ना?"

"दिसतंय, काका," ती म्हणाली, आणि हसली. "आता सोडा ते."

माझ्या लक्षात आलं की पाकिटाचं दुसरं टोक अजून माझ्याच हातात होतं. मी सोडलं. तिने ते काट्यावर ठेवलं, शिक्का मारला, पावती माझ्यापुढे सरकवली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.